लायसन्स मिळालं, तरी घाटात हात का थरथरतात? नव्या ट्रकचालकाच्या भीतीमागचं कारण

खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरणारा ट्रक जवळपास 500 मीटर खाली येतो. दहा चाकी ट्रकचं मालासकट वजन 28.5 टनांपर्यंत असू शकतं. एवढं वजन एवढं खाली उतरताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात चारशे लिटरहून जास्त पाणी उकळेल. ही उष्णता एकट्या ब्रेकने सोसायची म्हटली तर काय होईल, हे ज्याला कळतं त्याला घाम फुटणारच.

अशा नव्या चालकाला एकच सल्ला मिळतो, "घाबरू नको, सवय होईल." सवय होते हे खरं. पण कशाची, ते महत्त्वाचं आहे. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणाऱ्यांनाही सवयच झालेली असते. त्यांची भीती गेलेली असते, धोका मात्र होता तिथेच असतो.

परीक्षेत घाट नसतो

कायद्याने ट्रकसारखं मालवाहू वाहन चालवायला वयाची 20 वर्षं पूर्ण लागतात. शिकाऊ परवान्याआधी किमान वर्षभर हलक्या वाहनाचा परवाना हवा. ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्रही लागतं. एवढं सगळं केलं, तरी चाचणी देताना पाठीवर वीस टन माल नसतो आणि समोर कसारा घाट नसतो.

ही उणीव पूर्वी उस्ताद भरून काढायचा. पोरगा आधी क्लीनर म्हणून गाडीवर चढायचा. गाडी धुणं, ताडपत्री बांधणं, टायर ठोकून बघणं, मागे घेताना खाली उतरून "येऊ द्या, येऊ द्या" ओरडणं, यात त्याची काही वर्षं जायची. मग कधीतरी मोकळ्या रस्त्यावर स्टेअरिंग हातात यायचं. ही शाळा काही प्रेमळ नव्हती, शिव्या भरपूर आणि पगार तुटपुंजा. पण लोड गाडी घेऊन पहिला घाट एकट्याने उतरायची वेळ सहसा येत नसे. आता खर्च वाचवायला अनेक मालक क्लीनर ठेवत नाहीत. नवा चालक केबिनमध्ये एकटाच असतो.

उतारावर नेमकं काय करायचं?

गिअर उतार सुरू होण्याआधी निवडायचा. साधारणपणे जो चढ ज्या गिअरमध्ये चढता येईल, तोच उतार त्याच गिअरमध्ये किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये उतरायचा, असं जुने चालक सांगतात. त्यामुळे वेग रोखायचं बरंचसं काम इंजिन करतं. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर तोही लावायचा. वेग वाढला की पाय ब्रेकवर नीट दाबून तो कमी करायचा आणि पाय काढायचा.

नवा माणूस नेमकं उलटं करतो. भीतीपोटी पाय सतत ब्रेकवर हलका टेकवून ठेवतो. ड्रम तापत जातो, लाइनरची पकड कमी होते आणि मग कितीही दाबलं तरी गाडी हवी तशी थांबत नाही. अशा वेळी घाईने खालचा गिअर टाकायला जावं, तर वेगामुळे तो पडत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्येच राहते. म्हणूनच जळक्या लाइनरचा वास आला की वेळ न घालवता सुरक्षित जागी थांबायचं, ब्रेक आपोआप थंड होऊ द्यायचे. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतलं तर त्याला तडा जाऊ शकतो.

कारवरून ट्रकवर आलेल्याला आणखी एक गोष्ट दचकवते. एअर ब्रेकमध्ये पेडल दाबल्यावर हवा चाकापर्यंत पोचायला क्षणभर लागतो, म्हणून पुढच्या गाडीपासून जास्त अंतर हवं. हवेचा दाब घसरला तर आधी इशारा मिळतो आणि दाब फारच कमी झाला, तर आजच्या बहुतेक अवजड ट्रकमध्ये स्प्रिंगच्या जोरावर ब्रेक आपोआप लागतात. हे माहीत असलं की निम्मी धाकधूक जाते. मात्र ही सोय हवा गेल्यावरची आहे, तापलेल्या ब्रेकवर तिचा उपयोग नाही.

लोक बघतायत म्हणून...

सगळी भीती घाटातलीच नसते. बाजारपेठेच्या बोळात गाडी मागे घ्यायची असते, मागून हॉर्न वाजत असतात, चहाच्या टपरीवरचे चार जण बघत असतात. आरशात दिसत नसेल तर गाडी थांबवून खाली उतरून बघणं, एवढाच उपाय आहे. यात कमीपणा वाटतो, पण भिंत पाडण्यापेक्षा तो परवडतो.

आणि अपघात झालाच तर? ही भीती नव्या-जुन्या सगळ्यांनाच असते. भारतीय न्याय संहितेतल्या अपघातानंतर पळून जाण्यासंबंधीच्या कलम 106(2) विरोधात जानेवारी 2024 मध्ये देशभर चालकांनी संप केला, त्यामागेही जमावाच्या मारहाणीची धास्ती होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 नुसार चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची असते. पण जमावाच्या रोषामुळे ते शक्य नसेल, तर त्याची दखल याच कलमात घेतलेली आहे. त्या परिस्थितीतही पोलिसांना मात्र लवकरात लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत 24 तासांच्या आत, कळवावं लागतं. ही माहिती गाडीची किल्ली देतानाच नव्या चालकाला द्यायला हवी.

मालकाला करता येण्यासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे पहिल्या काही घाटफेऱ्यांना शेजारच्या सीटवर जुना चालक बसवणं. त्याचा भत्ता जाईल, पण चार-पाच फेऱ्यांत नव्याला कुठे गिअर बदलायचा, कुठे थांबायला जागा आहे आणि गाडीचा आवाज कधी बदलतो, हे कळू लागेल.