अंगावर कोट चढला. डोक्यात इतिहास केव्हा शिरणार?

३ जानेवारी आली, १४ एप्रिल आली की आमच्या वस्त्यावस्त्यांतून छोटे छोटे बाबासाहेब आणि सावित्रीमाई दिसू लागतात. ऊर भरून येतो. परंतु मागे एका जयंतीला वेशभूषा स्पर्धेचे परीक्षण करताना आम्ही एका सहा वर्षांच्या चिमुकल्याला विचारले, "बाळा, बाबासाहेबांनी काय केले?" तो म्हणाला, "कोट घातला." सारे विहार हसले. आम्हाला मात्र हसू आले नाही. दोष त्याचा नव्हे, आमचाच. सकाळी भाड्याने कोट आणला, संध्याकाळी परत केला, संपली जयंती!

आणि खरे सांगायचे तर ते लेकरू चुकीचे बोललेच नव्हते. ज्या देशात मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळांसाठी प्रेतावरची वस्त्रे आणि लोखंडाचे दागिने नेमून दिले, तिथे अस्पृश्याच्या मुलाने कोट घालणे हे बंडच होते. कपडा हा कपडा नव्हता, तो जातीचा दाखला होता. म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या माताभगिनींना सांगितले की, ज्या नेसणीवरून आणि ज्या दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते ती नेसण, ते दागिने टाका आणि मुलींना शिकवा. याउलट महात्मा फुले १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभाला मुद्दाम गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि रयतेचे दैन्य राजपुत्रापुढे मांडले. एकाने वेश टाकायला सांगितले, दुसऱ्याने वेश पांघरला. लढा मात्र एकच!

हे मुलांना सांगायचे असेल तर पोशाख घरीच तयार करा. त्याला पैसा लागत नाही, एक संध्याकाळ लागते. वडिलांचा जुना कोट घ्या, बाह्या आत दुमडून कच्चे टाके घाला. तारेचा गोल चष्मा करा, खिशाला पेन लावा. टाके घालताना सांगा की, १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेला हा विद्यार्थी शाळेत मात्र इतर मुलांपासून वेगळा, गोणपाटावर बसत होता.

सावित्रीमाईंसाठी आईच्या जुन्या सुती साडीचा निम्मा भाग पुरतो. पण खरा पोशाख पिशवीत आहे. त्या पिशवीत दुसरे लुगडे ठेवा. १८४८ पासून पुण्यात मुलींना शिकवायला जाणाऱ्या माईंवर सनातनी शेण-चिखल फेकत, म्हणून त्या जादा लुगडे सोबत नेत. हे ऐकलेली मुलगी मंचावर नुसती उभी राहणार नाही, ती बोलेल.

आणि मुक्ता साळवेला का विसरता? फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या या मांग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिच्यासाठी साधे परकर-पोलके, हातात कागद आणि लेखणी, एवढेच पुरे. आमच्या मुलींना आपल्याच वयाची नायिका मिळेल.

जयंती मंडळांना आमची एक सूचना आहे. निम्मे गुण पोशाखाला द्या, निम्मे उत्तरांना. भाड्याच्या झगमगाटाला जादा गुण देऊ नका. मोलमजुरी करणाऱ्या आईने शिवलेला कोट मागे पडता कामा नये. ज्याच्या हातात संविधान दिले, त्याला किमान उद्देशिका म्हणता आली पाहिजे, आणि कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली एवढे तरी ठाऊक असले पाहिजे.

कोट संध्याकाळी उतरणारच आहे. तो उतरल्यावर लेकराजवळ काय उरते, यावर उद्याची चळवळ उभी राहणार आहे. पुढच्या जयंतीला कुणी त्याला विचारले, "बाबासाहेबांनी काय केले?" तर त्याने म्हणावे, "कोट घातला, आणि तो का घातला ते सांगतो, ऐका!"

जयभीम!