आज्याचा वस्तरा विमानातून नेताना

हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जे "म्हणजे, म्हणजे" झालं ते बरंचसं काढलंय, राहिलेलं गोड मानून घ्या.

एका श्रोत्याचा प्रश्न आला होता. घरातला जुना वस्तरा परदेशात नेता येतो का, की विमानतळावर काढून घेतात? सरळ उत्तर: नेता येतो, पण चेक-इनच्या बॅगेत. केबिन बॅगेत नाही. एवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबलं तरी चालेल. बाकीचे बसा, कारण मी हे शहाणपण धक्का खाऊन शिकलोय.

आमचं घर नाभिकांचं, धाराशिव जिल्ह्यात येडशीच्या बाजूला. मी बीटेक करून कोड लिहितो, पण माझा आज्जा बलुत्यावर जगला. सुगीला खळ्यावर जाऊन ज्वारी आणायची आणि वर्षभर गावाची दाढी-कटिंग करायची, असा हिशोब. त्याची धोपटी अजून घरात आहे. कात्री, नराणी, पितळी वाटी, धारेचा दगड, आणि शेफिल्डचा शिक्का असलेला एक वस्तरा. मूठ पिवळसर पांढरी.

हा वस्तरा पणजोबांनी बार्शीच्या बाजारातून आणला, असं घरात सांगतात. आता ही साधी गोष्ट वाटेल, पण तेव्हा बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात आणि आमचा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. मधे खरीखुरी सरहद्द. बार्शी लाईटची छोटी गाडी १८९७ ला कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत सुरू झाली आणि येडशीवरून १९११ ला लातूरला पोचली. बाजार जवळ आला, तरी माल निजामाच्या हद्दीत आणायचा तर करोडगिरी होती. करोडगिरी म्हणजे निजामाचं जकात खातं. घरातली गोष्ट अशी, की पणजोबांनी नवा वस्तरा धोपटीत जुन्या हत्यारांत ठेवला आणि नाक्यावर धोपटीच उघडून दाखवली. न्हाव्याच्या धोपटीत वस्तरा असणारच, कोण काय बोलणार? सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं आणि ती सरहद्दच गेली.

आता माझी फजिती. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, वस्तरा माझ्याकडे दिला तेव्हा एवढंच म्हणाले, "जपून ने रं. आज्याच्या हातातला हाय." मी जपून म्हणून तो सतत जवळ राहील अशा बॅगेत ठेवला. केबिन बॅगेत! देशातल्या देशात बंगळूरची फ्लाईट होती. ट्रे मशीनमध्ये गेला, थांबला, मागे आला, परत गेला. मॅडमनी विचारलं, "उस्तरा है क्या?" मी अभिमानाने हो म्हणालो. मग कळलं की पर्याय तीनच आहेत. इथेच सोडा, बाहेर कोणाला तरी द्या, नाहीतर परत काउंटरवर जाऊन बॅग चेक-इन करा. अण्णा मला सोडून केव्हाच एसटीत बसले होते. मी पळत काउंटरवर गेलो. तो बंद व्हायला थोडी मिनिटं होती म्हणून वस्तरा वाचला. तपासणाऱ्यांची काही चूक नव्हती, माझी होती.

ही फजिती देशातली होती म्हणून निभावलं. आंतरराष्ट्रीय प्रवासात आपल्याकडे मोठ्या विमानतळांवर क्रम साधारण असा असतो: आधी चेक-इन, मग इमिग्रेशन, मग सुरक्षा तपासणी. म्हणजे तुमचा ट्रे अडतो तेव्हा पासपोर्टवर शिक्का पडून तुम्ही कागदावर देशाबाहेर गेलेले असता. मागे फिरणं म्हणजे एअरलाईनचा माणूस बोलवा, इमिग्रेशनवाल्यांना समजवा. तोवर बोर्डिंग संपतं. म्हणून वस्तऱ्याचा निकाल घरीच बॅग भरताना लावायचा.

नियम नेमकं बघतो काय? २००१ च्या ११ सप्टेंबरला अमेरिकेतली विमानं पळवणाऱ्यांकडे खोकी कापायच्या कटरसारखी हत्यारं होती. त्यानंतर छोट्या पात्याकडेही कोणी सहज बघत नाही. मशीनसमोर बसलेल्या माणसाला एकच प्रश्न असतो: उघडी धार प्रवाशाच्या हातात येऊ शकते का? कार्ट्रिजचा रेझर, ज्यात पातं प्लास्टिकमध्ये अडकलेलं असतं, तो केबिनमध्ये चालतो. सुटी ब्लेडं चालत नाहीत. सलूनमध्ये आता अर्धं ब्लेड अडकवायचा जो वस्तरा असतो, त्याचं ब्लेड काढलं की उरते नुसती पट्टी. अमेरिकेची टीएसए असा बिनपात्याचा वस्तरा केबिनमध्ये चालेल म्हणते, पण शेवटचा निर्णय समोरच्या अधिकाऱ्याचा, हेही तिथेच लिहिलेलं असतं. आज्याच्या वस्तऱ्याला ही पळवाटच नाही. तिथे पातं म्हणजेच वस्तरा.

पुढे लंडनला प्रोजेक्ट मिळालं आणि मी हैदराबादहून निघालो. धाराशिवहून तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, मग कर्नाटकात हुमनाबाद, मग तेलंगणात जहीराबाद. तीन राज्यं झाली, वस्तऱ्याचं कोणी नावही काढलं नाही. डिकीतल्या मोठ्या बॅगेत तो असा होता: पातं पुसून, कोरडं करून, खोबरेल तेलाचा हलका हात, मिटवून वर दोरा, पुठ्ठ्याची घडी, आणि सगळं एका चष्म्याच्या कडक डबीत. दोरा महत्त्वाचा. बॅग उघडून तपासणारा माणूस आत हात घालतो तेव्हा त्याचं बोट कापू नये. मधे विमान बदलायचं असेल तर बॅग थेट शेवटपर्यंत टॅग झाली का ते विचारा. दोन वेगळी तिकिटं असतील आणि मधल्या ठिकाणी बॅग ताब्यात आली, तर ती पुन्हा चेक-इन करावी लागते. पुढच्या तिकिटात फक्त केबिन बॅग असेल तर तिथे फसलात.

आता एक गोष्ट जी मला स्वतःला उशिरा कळली: मूठ. जुन्या वस्तऱ्याची पांढरी मूठ हस्तिदंताची असू शकते. तसं असेल तर प्रश्न धारेचा राहत नाही, वन्यजीव कायद्याचा होतो. आशियाई हत्ती १९७५ पासून साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, आणि हस्तिदंत घेऊन परवान्याशिवाय सीमा ओलांडणं हा गुन्हा आहे, मग तो आज्याचा असो की पणज्याचा. बऱ्याच जुन्या मुठी मात्र सेल्युलॉइडच्या, हस्तिदंतासारख्या दिसणाऱ्या. गरम सुई टोचून बघा असा सल्ला लोक देतात, तो ऐकू नका! सेल्युलॉइड भुरकन पेटतं. कापलेल्या कडेवर भिंगातून बघा. हस्तिदंतात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानदार रेघा दिसतात, सेल्युलॉइडमध्ये रेघा असल्याच तर सरळ आणि एकसारख्या. माझी सेल्युलॉइडची निघाली. शंका असेल तर मात्र वस्तरा घरीच ठेवा. आणि वस्तू शंभर वर्षांवरची वाटली तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी घ्या. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षं ही रेघ आहे.

उतरल्यावर कस्टमला रोजच्या वापराच्या जुन्या वस्तूचं सहसा काही नसतं. पण इंग्लंडमध्ये १९८८ च्या कायद्याचं कलम १३९ आहे. सार्वजनिक जागी पात्याची वस्तू जवळ बाळगायची तर पटण्याजोगं कारण लागतं, नाहीतर चार वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तीन इंचांपर्यंतच्या घडीच्या चाकूला सूट आहे, पण वस्तरा त्यात बसतो का, हा वाद रस्त्यावर पोलिसाशी घालायला जाऊ नका. कामाचं हत्यार हे त्या कायद्यात मान्य कारण आहे. म्हणजे पणजोबांचं धोपटीचं उत्तर तिथेही चाललं असतं. माझं नसतं चाललं, मी कोड लिहितो. म्हणून विमानतळावरून खोलीपर्यंत वस्तरा बंद बॅगेतच, आणि नंतर कधी बाहेर नाही.

पोचल्यावर व्हिडिओ कॉल केला. अण्णांनी वस्तरा कॅमेऱ्याजवळ धरायला लावला, तिरका कर, अजून तिरका कर म्हणाले. मग म्हणाले, "धार गेलीय. दगड घरीच ठेवलास व्हय?"

ठेवला होता. दगडाला मात्र विमानतळावर काही अडचण नसते, चेक-इनमध्ये टाका. तुमचे प्रश्न पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात.