परत येत नाही, म्हणजे रासायनिक?

बदल उलटवता आला तर भौतिक, नाही तर रासायनिक, ही शाळेत पाठ केलेली खूण खान्देशात पहिल्याच फटक्याला चुकते. जळगावच्या डाळमिलमध्ये भरडलेली तूर पुन्हा अख्खी होत नाही. जिनिंगमध्ये सरकीपासून सुटलेली रुई पुन्हा तिला चिकटत नाही. तरी दोन्ही बदल भौतिकच. डाळ तुरीचीच राहते, रुईतलं सेल्युलोज सेल्युलोजच. विचारायचं ते एवढंच: नवा पदार्थ तयार झाला का?

उलट, हळदीचा डाग साबणाने चोळा. लालभडक होतो. लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. बदल परत फिरला, पण आहे रासायनिक. साबणातल्या अल्कलीने हळदीतल्या कुरकुमिनचा हायड्रोजन आयन काढून घेतला होता, लिंबातल्या आम्लाने तो परत दिला.

रंग बदलला की रसायन, असंही नाही. सराफाच्या मुशीत शुद्ध सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं आणि तापून केशरी दिसतं. निवालं की तेच सोनं, तोच कस. बुडबुडेही फसवतात. चुलीवरच्या आधणात ते नुसत्या वाफेचे. कळीचा चुना पाण्यात टाकल्यावर पाणी खदखदतं तेव्हा मात्र खाली जाळ नसतो. नवा पदार्थ बनताना निघालेली उष्णताच ते उकळवते.

सगळ्यात मोठा घोळ केळीचा. ‘गॅसवर पिकवलेली म्हणजे केमिकलची’, असं रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातही ऐकू येतं. अहो, पिकणं हाच रासायनिक बदल आहे, मग केळी झाडावर पिको की वखारीत! कच्च्या केळात सुमारे २० टक्के स्टार्च असतो. पिकताना त्यातल्या बहुतेकाची साखर होते, सालीतलं हरितद्रव्य मोडतं. हे सुरू करणारा इथिलीन वायू केळं स्वतःच सोडतं. रायपनिंग चेंबरमध्ये तोच वायू देतात आणि १०० पीपीएमपर्यंत त्याला परवानगी आहे. कार्बाइड हे वेगळं प्रकरण. ओल लागली की त्यातून ॲसिटिलीन निघतो, सोबत आर्सेनिक व फॉस्फरसची अशुद्धी येऊ शकते. फळं त्याने पिकवायला देशात बंदी आहे. वखारीत किंवा पेटीत त्याच्या पुड्या दिसल्या, तर अन्न व औषध प्रशासनाला कळवा.