थंड पास्ता, कोरडा पास्ता

मुलांसाठी पास्त्याचं सॅलड करायचं तर स्प्रिंगचा आकार घ्यावा. पाकिटावर त्याला फुसिली म्हणतात. नळीचा पेनेही मुलांना आवडतो, पण नळीच्या पोटात पाणी अडकून राहतं आणि या सॅलडचं खरं वैर पाण्याशीच आहे. पाकिटावर ड्युरम गहू लिहिलेला आहे ना, तेवढं बघावं. आपला बन्सी त्याच जातीचा. नुसत्या मैद्याचा स्वस्त पास्ता शिजताना बुळबुळीत होतो, मग त्याचं काही करता येत नाही.

चार मुलांना 200 ग्रॅम पास्ता पुरतो. त्याला दोन लिटर पाणी आणि मोठा चमचाभर मीठ. पाणी खळखळून उकळल्यावरच पास्ता सोडायचा. गरम पास्ता इटलीत किंचित कचवट ठेवतात, पण सॅलडसाठी पाकिटावरच्या वेळेपेक्षा मिनिटभर जास्त शिजवावा. गार झाल्यावर त्यातला स्टार्च घट्ट होतो आणि कचवट पास्ता रबरासारखा लागतो. शेवटच्या तीन मिनिटांत मक्याचे दाणे त्याच पाण्यात टाकले की दुसरं पातेलं वाचतं.

आता चाळणी. गरम पास्ता सॉसमध्ये घालायचा असेल तर धुवायचा नसतो, कारण वरचा स्टार्चच सॉस धरून ठेवतो. इथे मात्र तो नकोच. नळाखाली धरून हाताने चाळवत पास्ता पूर्ण गार करायचा. निथळला की स्वच्छ पंचावर पसरायचा. ही दहा मिनिटं घाईत गाळली, तर वाडग्याच्या तळाशी पांढुरकं पाणी जमतं आणि वरचा पास्ता अळणी लागतो. कोरड्या स्प्रिंगांना चमचाभर तेल चोळलं की त्या सुट्या राहतात.

तेवढ्यात काकडी उभी चिरून मधला बियांचा गर चमच्याने खरवडून काढावा. टोमॅटोचाही काढावा. या दोन्हींच्या आणि सिमला मिरचीच्या फोडी पास्त्याच्या आकाराच्याच. गाजर किसून घातलं की ते सगळीकडे चिकटतं, आणि मुलांना नावडतं ते वेचून बाजूला काढता आलं नाही की ती अख्खा वाडगाच नाकारतात.

‘‘आत्या, सिमला मिरची काढली तर चालेल?’’

‘‘काढ. पण एक खाऊन मग काढ.’’

भाचा एक खातो, बाकीच्या काढतो. काकडीला मात्र तो हात लावत नाही, म्हणजे ती पोटात जाते.

वरून घालायला झाकणाच्या बरणीत दोन चमचे तेल, एका लिंबाचा रस, चिमूटभर साखर, मिरपूड आणि मीठ घालून जोरात हलवावं. हे काम मुलांना द्यावं, ती आनंदाने करतात. नुसतं मेयोनेझ मला जड वाटतं. चार चमचे चक्क्यात एक चमचा मेयोनेझ घातलं तरी मुलांना हवी ती चव येते. कोशिंबिरीसारखंच, मीठ लागलं की काकडी पाणी सोडते, म्हणून हे सगळं वाढतानाच मिसळावं. फ्रीजमधून काढलं असेल तर पुन्हा चाखून बघावं, थंड पदार्थात मीठ कमी जाणवतं.

शाळेच्या डब्यात द्यायचं असेल तर चक्का आणि मेयोनेझ वगळून लिंबू-तेलाचंच द्या, आणि पहिल्या सुट्टीत खायला सांगा. उन्हाळ्यात दुपारच्या जेवणापर्यंत ते डब्यात ठेवू नये.