श्रीवर्धनच्या मुलांना धोंडांचा समुद्र

निसर्गचित्र काढ म्हटलं की श्रीवर्धनचं मूलही दोन त्रिकोणी डोंगर काढतं आणि त्यांच्या फटीत सूर्य बसवतं. त्याच्या गावात डोंगर पूर्वेला आहेत आणि रोज संध्याकाळी सूर्य बुडतो तो समुद्रात. शाळांच्या प्रदर्शनांत हे चित्र पाहून पाहून ते येतं कुठून, याचा माग काढण्याचा मला नाद लागला. मुलं निसर्गाकडे पाहून चित्र काढत नाहीत, आधी पाहिलेल्या चित्रावरून काढतात. तसं असेल, तर ते आधीचं चित्र उत्तम असावं, एवढं तरी आपल्याला करता येईल.

यावर जुना वाद आहे. व्हिएन्नात १८९७ साली फ्रान्झ चिझेक यांनी मुलांसाठी चित्रवर्ग काढला. मोठ्यांच्या चित्रांची नक्कल मुलांकडून करवून घेऊ नये, असं त्यांचं ठाम मत होतं. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट दुसऱ्या टोकाला उभं होतं. जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात तिथल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या आणि त्या कामातूनच पेस्तनजी बोमनजींसारखा चित्रकार घडला. मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात. तिसरीतल्या मुलाकडून नक्कल नकोच. पण चित्रकार कसा पाहत होता, हे त्याला जरूर दाखवावं. हल्ली व्हॅन गॉगची ‘स्टारी नाइट’ समोर ठेवून निळ्या-पिवळ्या खडूंनी भोवरे काढून घेतात. भोवरे तेवढे हाताला येतात, पाहणं येत नाही. त्यापेक्षा इंग्लंडचा कॉन्स्टेबल घ्या. १८२१-२२ मध्ये त्याने हॅम्पस्टेडला नुसत्या ढगांचे अभ्यास केले आणि त्यांतल्या अनेकांच्या मागे तारीख, वेळ, वारा लिहून ठेवला. श्रीवर्धनच्या पुळणीवर मुलांनी कागदामागे वेळ, वारा आणि भरती-ओहोटी लिहावी. उद्या त्याच जागी बसलं की फरक त्यांचा त्यांनाच दिसेल.

पण त्यासाठी इंग्लंडपर्यंत जायची गरज नाही. कोल्हापूरचे आबालाल रहिमान कोटीतीर्थाच्या पाण्यावरचा उजेड पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. सावंतवाडीत जन्मलेल्या सा. ल. हळदणकरांनी १९०८ मध्ये मुंबईत चित्रकलेची संस्था काढली. पारदर्शक जलरंगावर त्यांची हुकमत होती. किनाऱ्यावरच्या लहान मुलांसाठी मात्र मी या दोघांच्याही आधी प्रल्हाद अनंत धोंड यांचं नाव घेईन.

धोंड १९०८ चे, कोकणातले. साठच्या दशकात ते जे. जे.चे अधिष्ठाते होते. ‘रापण’ या त्यांच्या आठवणींच्या पुस्तकामुळे वाचकांना ते लेखक म्हणून ठाऊक आहेत. त्यांचा समुद्र त्या मानाने कमी लोकांनी पाहिला आहे. ओला कागद, रुंद ब्रश, मोजके रंग. एका पट्ट्यात आभाळ, एका पट्ट्यात पाणी, खाली ओली वाळू आणि कुठेतरी ठिपक्याएवढी होडी. बाकी कागद मोकळा. ओहोटीनंतर वाळूवर पाण्याचा पातळ थर राहतो आणि त्यात आभाळ उतरतं. हे त्यांनी इतक्या थोडक्यात पकडलं आहे की चित्राजवळ गेलं तर हाती फक्त रंगाचा ओघळ लागतो.

ही रीत लहान हाताला सोपी जाते. पेन्सिल नाही, त्यामुळे खाडाखोड नाही. कागद पाण्याने ओला करायचा, वरची चकाकी किंचित मावळली की रंग सोडायचा. घाई केली तर आभाळ समुद्रात शिरतं, उशीर झाला तर कडा कोरड्या उमटतात. एप्रिलच्या उन्हात कागद भराभर वाळतो, पावसाळी दमट हवेत ओलाच राहतो. हवेचा हा धडा श्रीवर्धनच्या जीवना बंदराशेजारच्या मुलाला वेगळा शिकवावा लागत नाही. होडीच्या जागी कागद कोरा सोडायचा, एवढंच आधी ठरवावं लागतं. आणि काय सोडायचं ते ठरवताना मूल पहिल्यांदा नीट समोर बघतं.

आपल्या चित्रकलेच्या परीक्षांनी मात्र या पाहण्याला जागा ठेवली नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन आहे. निसर्गचित्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका नाही. निसर्ग येतो तो स्मरणचित्रातल्या माणसांच्या मागे, पाठ केलेला. दहावीच्या वाढीव गुणांसाठी एवढी मुलं या परीक्षांना बसतात, त्यांना एकदाही उघड्यावर बसून चित्र काढावं लागत नाही, हे मला अक्षम्य वाटतं.

श्रीवर्धनला ही उणीव जास्त जाणवते, कारण इथला देखावाच बदलला आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. रोठा सुपारीसाठी नावाजलेल्या या गावात पोफळ पुन्हा धरायला वर्षं जातात. त्या सुमारास जन्मलेली मुलं आता ब्रश धरायच्या वयाची झाली आहेत. जुनी दाट वाडी त्यांनी पाहिलेली नाही. तिच्या जागी वाढणारी नवी रोपं मात्र ती रोज पाहतात. ती रोपं, उघडी पडलेली कौलं, मध्येच तगलेला एखादा माड हे सगळं आज कागदावर यायला हवं.

किनाऱ्यावरच्या चित्रकला शिक्षकांना माझी विनंती आहे. धोंडांच्या एका समुद्रचित्राची चांगली छापील प्रत वर्गात लावा, मुलांना ती भरपूर वेळ पाहू द्या आणि मग ती भिंतीवरच ठेवून त्यांना ओहोटीच्या वेळी पुळणीवर न्या. प्रत सोबत नेऊ नका.