काढून घेतलेले पुस्तक आणि वाचकाचा हक्क

मराठीत ‘पुस्तकावर बंदी’ हा शब्दप्रयोग दोन भिन्न कृतींसाठी केला जातो. शासन अधिसूचना काढून एखाद्या ग्रंथाच्या सर्व प्रती सरकारजमा करते, ती एक. आणि शाळेच्या कपाटातून वा विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून एखादे पुस्तक काढून घेतले जाते, ती दुसरी. पहिलीविषयी पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे. दुसरी बहुधा चर्चेविना उरकते, कारण ती सौम्य आहे असा समज रूढ आहे. पुस्तक बाजारात मिळतेच, मग स्वातंत्र्याचा संकोच कोठे झाला, असे विचारले जाते. हा समज तपासून पाहण्याजोगा आहे.

फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम ९५ ने राज्य शासनास ग्रंथ जप्त करण्याचा अधिकार दिला होता. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ मध्ये आहे. अधिकार मोठा आहे, परंतु त्याला दोन अटी आहेत. शासनाने आपल्या मताची कारणे अधिसूचनेत नमूद केली पाहिजेत. आणि त्या ग्रंथात हितसंबंध असलेल्या कोणत्याही व्यक्तीस उच्च न्यायालयाच्या विशेष पीठाकडे दाद मागता येते. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांविषयीच्या ग्रंथावर महाराष्ट्र शासनाने २००४ मध्ये घातलेली बंदी याच मार्गाने न्यायालयात गेली. संघराज रुपवते आदी अर्जदार त्या ग्रंथाचे लेखकही नव्हते आणि प्रकाशकही नव्हते. ते वाचक होते, आणि वाचकाचा हितसंबंध न्यायालयाने विचारात घेतला. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली व जुलै २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. ग्रंथाच्या गुणवत्तेविषयी कोणाचे काहीही मत असो, शासनास कारणे द्यावी लागली आणि ती तपासली गेली.

त्याच वर्षी, त्याच मुंबईत, रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही १९९१ ची कादंबरी मुंबई विद्यापीठाच्या कला शाखेच्या अभ्यासक्रमातून वगळण्यात आली. शिवसेना व मराठी माणूस यांविषयीच्या कादंबरीतील काही उद्गारांना भारतीय विद्यार्थी सेनेने आक्षेप घेतला, प्रती जाळण्यात आल्या, आणि कुलगुरूंनी विशेष अधिकार वापरून निर्णय केला. येथे जप्तीची अधिसूचना नव्हती, म्हणून विशेष पीठही नव्हते. ज्यांच्या हातून पुस्तक गेले त्या विद्यार्थ्यांना त्याविषयी विचारण्याची कोणतीही ठरलेली वाट नव्हती. शासनाला जे करण्यासाठी कारणे लिहावी लागतात, ते शिक्षणसंस्थेला जवळजवळ कारणांविना करता येते.

विद्यापीठातील विद्यार्थी निदान प्रौढ असतो. शाळेत हा प्रश्न अधिक बिकट होतो, कारण तेथे पालक, शिक्षक आणि व्यवस्थापन या सर्वांनाच मुलांच्या हिताच्या नावाने बोलता येते. या टोकाची सविस्तर न्यायालयीन चिकित्सा अमेरिकेतील आयलंड ट्रीज शाळा मंडळाच्या खटल्यात झाली आहे.

न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडवरच्या या शाळा मंडळाचे तीन सदस्य सप्टेंबर १९७५ मध्ये पालकांच्या एका सनातनी वळणाच्या संघटनेच्या परिषदेस गेले व तेथून ‘आक्षेपार्ह’ पुस्तकांच्या याद्या घेऊन आले. पुढे शाळेची ग्रंथसूची तपासली तेव्हा यादीतील नऊ पुस्तके माध्यमिक शाळेच्या ग्रंथालयात, एक कनिष्ठ शाळेत आणि एक बारावीच्या अभ्यासक्रमात आढळले. फेब्रुवारी १९७६ मध्ये मंडळाने ही पुस्तके कपाटातून काढून आणण्यास सांगितले. अशा तक्रारीसाठी समिती नेमण्याची शाळेची रीत आहे, ती डावलू नये, असे मुख्य शिक्षणाधिकाऱ्यांनी कळवले होते. ते मानले गेले नाही. वृत्तपत्रांत टीका झाल्यावर मंडळाने पत्रक काढून ही पुस्तके अमेरिकाविरोधी, ख्रिस्तीविरोधी, ज्यूविरोधी व घाणेरडी असल्याचे जाहीर केले.

साहित्याच्या अभ्यासकाने ही यादी एकदा नीट पाहावी. अकरांपैकी चार पुस्तके कृष्णवर्णीय लेखकांची: रिचर्ड राइट यांचे ‘ब्लॅक बॉय’ हे आत्मकथन, लँग्स्टन ह्यूज यांनी संपादलेला कथासंग्रह, अॅलिस चाइल्ड्रेस यांची किशोरकादंबरी आणि एल्ड्रिज क्लीव्हर यांचे ‘सोल ऑन आइस’. क्लीव्हर हे ब्लॅक पँथर पक्षाचे पुढारी; १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने नाव घेतले ते याच पक्षावरून. पाचवे पुस्तक पिरी थॉमस यांचे, न्यूयॉर्कच्या पोर्तोरिकन वस्तीतील आयुष्याचे. ज्या जगण्याची भाषा शिष्टसंमत नाही त्या जगण्याविषयी लिहिलेले पुस्तक ‘अश्लील’ ठरण्याची शक्यता मुळातच अधिक असते. ‘बलुतं’च्या वाचकाला हे वेगळे सांगण्याची गरज नाही. चाइल्ड्रेस यांच्या कादंबरीत जॉर्ज वॉशिंग्टन गुलाम बाळगत असल्याचा उल्लेख आहे. तो ऐतिहासिकदृष्ट्या खरा आहे, तरीही मंडळाच्या दोघा सदस्यांना त्यामुळे ती कादंबरी देशविरोधी वाटली. आणि ज्यूविरोधाचा आरोप झालेल्या या यादीत बर्नार्ड मॅलमड यांची ‘द फिक्सर’ होती! मॅलमड स्वतः ज्यू, आणि कादंबरी झारकालीन रशियात एका निरपराध ज्यू कारागिरावर रचलेल्या कुभांडाची. तिला १९६७ चा पुलित्झर पुरस्कार मिळालेला. ज्यूद्वेष्ट्या पात्राच्या तोंडी शिवी असणारच. पात्राचा उद्गार तोडून काढला की तो लेखकाचा होतो, आणि उतारेवाचनाचा मूळ दोष हाच आहे.

मंडळाने नंतर चार पालक व चार शिक्षक-कर्मचारी यांची समिती नेमली. तिने पाच पुस्तके ठेवावी, दोन काढावी, एक पालकांच्या संमतीने द्यावे असे सुचवले; उरलेल्या तिहींविषयी ती निर्णयापर्यंत आली नाही. समितीने डोळे मिटून सर्व पुस्तकांची पाठराखण केलेली नव्हती, हे महत्त्वाचे. मंडळाने मात्र एकच पुस्तक बिनशर्त परत दिले, ‘ब्लॅक बॉय’ पालकांच्या संमतीच्या अटीवर, आणि बाकीची नऊ बाद केली. समितीचा सल्ला का नाकारला याचे कारण दिले नाही.

जानेवारी १९७७ मध्ये स्टीव्हन पिको व अन्य चार विद्यार्थ्यांनी दावा लावला. २५ जून १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला. न्या. ब्रेनन यांच्या विवेचनाचा गाभा असा: बोलण्याच्या स्वातंत्र्यात विचार ग्रहण करण्याचे स्वातंत्र्य अंतर्भूत आहे. वर्गात काय शिकवावे हे ठरवताना मंडळास मोठी मोकळीक आहे, कारण तेथे वाचन सक्तीचे असते. ग्रंथालयात विद्यार्थी आपण होऊन जातो. तेथील पुस्तक त्यातील विचार नापसंत आहे एवढ्यासाठी काढता येणार नाही. शैक्षणिकदृष्ट्या अयोग्य म्हणून काढता येईल, परंतु मग हेतू तपासला जाईल.

या निकालाचा गौरव करताना त्याची मर्यादाही नोंदवली पाहिजे. ब्रेनन यांच्या भूमिकेला बहुमत नव्हते. न्या. व्हाइट यांनी घटनात्मक प्रश्नाला हात न लावता, पुस्तके काढण्यामागचा हेतू आधी साक्षीपुराव्याने ठरवावा, एवढेच म्हटले. तशी सुनावणी कधी झालीच नाही: ऑगस्ट १९८२ मध्ये मंडळाने पुस्तके परत ठेवण्याचा ठराव केला. पिको यांची शाळा सुटून तेव्हा पाच वर्षे झाली होती. पुढे मे २०२५ मध्ये पाचव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने, टेक्सासच्या लानो परगण्यातील सार्वजनिक ग्रंथालयातून काढलेल्या सतरा पुस्तकांच्या प्रकरणात, माहिती ग्रहण करण्याच्या हक्काच्या आधारे वाचकाला त्याविरुद्ध दाद मागता येत नाही असे ठरवले. म्हणजे वाचकाचा हक्क तेथेही निर्विवाद राहिलेला नाही.

१९८२ च्या विरोधी मतांतील सर्वांत वजनदार युक्तिवाद न्या. रेन्क्विस्ट यांचा होता: शाळेत नाही तर सार्वजनिक ग्रंथालयात वा दुकानात पुस्तक मिळेल. लाँग आयलंडवर हे बहुतांशी खरे असेल. भारतातील परिस्थिती निराळी आहे. मद्रासने १९४८ मध्ये व महाराष्ट्राने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, तरी अनेक गावांत मुलाच्या हाताशी असलेले एकमेव कपाट शाळेचेच असते. ते पुस्तक तेथून गेले की त्या मुलापुरते ते संपले. जप्तीहून हा परिणाम सौम्य कसा म्हणावा?

भारतीय कायद्यात याला आधार नाही असे नाही. केरळमधील तीन मुलांनी राष्ट्रगीत न गाता आदराने उभे राहणे पसंत केले म्हणून त्यांना शाळेतून काढले, तेव्हा १९८६ मध्ये बिजो इमॅन्युएल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शाळकरी मुलांनाही अनुच्छेद १९ चे संरक्षण आहे हे मान्य केले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार प्रत्येक शाळेत वृत्तपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असलेले ग्रंथालय असले पाहिजे. त्या अनुसूचीत एवढेच एक वाक्य आहे. पुस्तके ठेवावी असे ते सांगते. ठेवलेले पुस्तक कोणी, कोणत्या तक्रारीवरून आणि कोणत्या कारणाने काढावे याविषयी त्यात काही नाही. तक्रार लेखी असावी, तक्रारदाराने पुस्तक पूर्ण वाचलेले असावे, निर्णय होईपर्यंत पुस्तक कपाटातच राहावे आणि निर्णयाची कारणे नोंदवली जावीत, एवढे जरी राज्यांच्या नियमांत घातले गेले, तरी शाळकरी वाचकाला कलम ९८ खाली प्रौढ वाचकास मिळते त्याच्या निम्मे संरक्षण मिळेल.