छिद्राची किंमत : घरगुती इंकजेट हेडच्या स्वस्त भागांचा शोध

इंकजेटचे प्रिंट हेड घरी जुळवू पाहणाऱ्याला सर्वांत महाग पडते ते एक छिद्र. बाकीचे बहुतेक सामान बाजारात सहज मिळते. बाहेर पडणारा थेंब साधारण छिद्राच्याच व्यासाचा असल्याने ५० मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छिद्रातून सुमारे ६५ पिकोलीटरचा, म्हणजे लीटरच्या ६५ महापद्मांशांएवढा थेंब निघतो. त्याऐवजी त्रिमिती मुद्रकाची ०.२ मिलिमीटरची पितळी तोटी बसवली तर व्यास चौपट होतो, पण थेंब चौसष्टपट फुगतो आणि अक्षरांऐवजी डाग उमटतात.

शाईला धक्का देण्याची सोय मात्र नगण्य खर्चात होते. वीजदाब मिळताच किंचित आकार बदलणाऱ्या, म्हणजे पिझो, सिरॅमिकची चकती धातूच्या पत्र्यावर चिकटवून तिच्या वाकण्याने शाई ढकलण्याची रचना स्वीडनचे एरिक स्टेमे यांच्या १९७३ च्या अमेरिकी पेटंटमध्ये आढळते, आणि बझरमधली पितळी चकती जवळपास हीच रचना असून ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात किरकोळ किमतीत मिळते. तोटीसाठी रसायनशाळेतील केशनळी, म्हणजे अतिशय बारीक पोकळीची काचनळी, ज्योतीवर तापवून ओढता येते. तथापि दोन नळ्या एकसारख्या ओढल्या जाणे कठीण, त्यामुळे एका तोटीचे हेड साधते आणि बारा तोट्यांचे बहुधा फसते. शाईची बाटली तोटीहून काही सेंटिमीटर खाली ठेवणे हा बिनखर्ची उपाय विसरला, तर शाई आपोआप गळू लागते.

म्हणूनच अनेक तोट्या हव्या असतील तर ज्या हेडला उद्योगानेच टाकाऊ ठरवले आहे तेच विकत घेणे शहाणपणाचे ठरते. ह्युलेट-पॅकार्डने १९८४ मध्ये आणलेल्या थिंकजेटमध्ये बारा तोट्यांचे हेड शाईच्या कार्ट्रिजमध्येच बसवलेले होते, आणि शाई संपली की तेही फेकायचे होते. त्याच धर्तीचे, पावत्या छापणाऱ्या यंत्रांसाठीचे सी६६०२ कार्ट्रिज हौशी प्रयोगकर्त्यांनी पुढे मायक्रोकंट्रोलरला जोडले. यात प्रत्येक तोटीमागील सूक्ष्म रोधक काही मायक्रोसेकंद तापतो, शाईचा पातळ थर उकळून बुडबुडा फुगतो आणि थेंब बाहेर उडतो. त्यामुळे असे हेड मुख्यतः पाण्यावर आधारलेल्या शाईलाच मानवते, आणि तेल किंवा मेण उडवायचे असल्यास पिझोकडेच परतावे लागते. शिवाय आज्ञावली मध्येच अडकून स्पंद लांबला तर रोधक जळतो, म्हणून स्पंदाची कमाल लांबी वेगळ्या टायमर मंडलाने बांधून टाकणे हा खर्च, थोडा असला तरी, वाचवू नये.